दुखत नाही, पुढचं पाठव

इतेन
मंगळवार, १४ ऑगस्ट २०१८

दादा,

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी गोठ्यापाशी गोणपाटावर उताणा पडलो होतो. उजवी टाच दगडावर रोवून कंबर उचलत होतो आणि अठरावी खेप चालली होती. तेवढ्यात जेबिवोत हातात फोन घेऊन आली. म्हणाली, तोरोइतिचदादा आहे, इझमीरहून, तुझ्याशीच बोलायचंय. मी कंबर खाली टेकवली नाही. तीस आकडे पुरे मोजले आणि मग सांगितलं, पत्रानं कळवीन म्हणावं.

आपली बहीण कशी आहे ते तुला माहीत आहे. "दोघं भाऊ मिळून एक माणूस होत नाही," ती म्हणाली. "एकाला पाय नाही, एकाला तोंड नाही." फोन कानाला लावूनच म्हणाली, म्हणजे तूही ऐकलं असशील.

नंतर तिनं सगळं सांगितलं. तुझ्या उजव्या मांडीच्या मागे, बसायच्या हाडाखाली चार बोटांवर दुखतं. पाच आठवडे झाले. क्लबच्या डॉक्टरला तू सांगितलं नाहीस, कारण करार डिसेंबरात संपतो आणि लंगडं जनावर कोणी दावणीला ठेवत नाही. चौदा ऑक्टोबरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलास तर आणखी दोन वर्षं मिळतील. नाहीतर त्यांच्याकडून पळण्यासाठी घेतलेला त्या देशाचा पासपोर्ट आणि ते नवं नाव घेऊन तू काय करणार, हे तुलाही माहीत नाही. कोणीतरी तुला सांगितलं की यातोरनं आपला पाय आपणच बरा केला. म्हणून तुला माझे व्यायाम हवेत.

आपण दोघं शेवटची शर्यत पळालो त्याला आज दोन वर्षं, एक महिना आणि सत्तावीस दिवस झाले. तेवढ्या काळात माझ्यासाठी आलेला हा तुझा पहिला फोन.

आता नीट वाच. पहिले दहा दिवस त्या जागेवर कोणाचा अंगठा पडू देऊ नकोस. तेलही नको. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं सकाळ-संध्याकाळ ठेव, एक कप चहा सावकाश पिऊन होईल एवढा वेळ. पाय सरळ ठेवून अंगठे धरायला वाकू नकोस. सगळे तेच करतात आणि आत जुळत आलेलं रोज नव्यानं उसवतात. उताणा पड, गुडघे वाकव, टाच जमिनीत रोव. जमीन स्वतःकडे ओढायची आहे असा जोर लाव, पण पाय हलू द्यायचा नाही. तीस आकडे मोजायचे, असं दहा वेळा. मध्ये तेवढीच विश्रांती. सहाव्या दिवसापासून दोन्ही टाचा वीतभर उंचीवर ठेवून कंबर उचल. रोज अर्धा तास सपाटीवर चाल. नऊला झोप. तुमच्याकडे काय खातात ते मला माहीत नाही, पण दूध सोडू नकोस.

दुखलं तर थांब आणि कळव.

आई बरी आहे. तुझा फोन आला होता हे तिला सांगितलंय, पाय दुखतो हे सांगितलेलं नाही.

यातोर


सोमवार, ३ सप्टेंबर २०१८

दादा,

माझं पत्र तुला पंचवीस ऑगस्टला मिळालं, म्हणजे अकरा दिवस लागले. तुझा फोनवर आलेला निरोप जेबिवोतनं वाचून दाखवला: दुखत नाही, पुढचं पाठव. एवढंच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या फोनवर बारा हजार शिलिंग आले. ते मी मागितले नव्हते. परतही केले नाहीत. आईच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. तुझं दगडी घर जोत्यापर्यंत बांधून झालंय, पण नुसत्या जोत्यावर झोपता येत नाही.

तू विचारलं नाहीस, तरी हे व्यायाम कुठून आले ते लिहितो. मांडीचा स्नायू फाटला तेव्हा मी अकरा आठवडे घरात पडून होतो. ज्यांच्याबरोबर रोज पहाटे धावायचो ते सगळे पहिल्या आठवड्यात आले. दुसऱ्यात दोघे आले. नंतर त्यांच्या पावलांचा आवाज तेवढा रस्त्यावरून यायचा, सहा वाजता जाताना आणि सव्वासातला परतताना. पावलांवरून कोण आहे ते मी ओळखायचो. कोणाची चाल बिघडली आहे तेही.

मग चेमवेनोकाका आले. लष्करातून निवृत्त झालेले, बाजाराच्या मागे मालिश करायचे ते. त्यांनी माझी मांडी बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "पोरा, हे म्हणजे फाटलेलं गोणपाट आहे. ओढशील तर फाटेल, नुसतं ठेवशील तर कुजेल. रोज थोडं थोडं भर." पहिल्या दिवशी मला टाच जमिनीत चार आकडेही रोवता आली नाही. मी वहीत चार लिहिलं. दुसऱ्या दिवशी पाच. ती वही अजून आहे. दोन वर्षांत सात दिवस कोरे आहेत, आणि त्या दिवशी मला हिवताप होता.

पुढे त्यांनीच मला हाताशी घेतलं. आता त्यांची जागा मी चालवतो. रोज सहा-सात जण येतात. काल एकजण म्हणाला, तुझे हात चपातीचं पीठ मळायला बरे, आम्ही माणसं आहोत. मी म्हटलं, पीठ निदान गप्प पडून राहतं. तो हसला आणि मग त्याची पाठ सैल झाली. हसवल्याशिवाय पाठ सैल होत नाही, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आता दुसरा टप्पा. एका टाचेवर कंबर उचल, दुसरा पाय हवेत. वर जाताना एक आकडा, खाली येताना चार. येतानाच खरं काम होतं. आठ खेपा, दिवसातून दोनदा. एक दिवसाआड गुडघ्यांवर उभा राहा, कोणाला तरी घोटे धरायला सांग आणि छाती पुढे नेत सावकाश जमिनीकडे ये. पडायला लागलास की हात टेक. पहिल्या आठवड्यात पाच, पुढे आठ. चालण्याऐवजी हलकी दौड, वीस मिनिटं. चढ चालेल, उतार नको.

दुखलं तर थांब आणि कळव.

यातोर


बुधवार, १९ सप्टेंबर २०१८

दादा,

या वेळी बारा दिवस लागले. तुझा निरोप पुन्हा तोच, शब्दही तेच.

रविवारी तू आईशी बोललास तेव्हा मी दारात उभा होतो. फोनचा आवाज मोठा केलेला होता. तू खुर्चीत बसलास तेही ऐकू आलं.

आज पाऊस आहे, गिऱ्हाईक नाही, म्हणून जे कोणाशी बोललो नाही ते लिहितो. तुला ते सगळं माहीत आहे. पण माझ्या बाजूनं कसं होतं ते माहीत नसेल.

माझी सुंता झाली तेव्हा माझा पाठीराखा तू होतास. तोंडावर लिंपलेली माती वाळून कडक झाली होती. म्हातारे समोर बसले होते. गालावर एक भेग पडली की आयुष्यभरासाठी भित्रा, मग त्याला बायको द्यायला कोणी तयार होत नाही. तू माझ्या मागे उभा होतास आणि पुटपुटत होतास, तू इथे नाहीस, यातोर, तू नदीवर आहेस. मी नदीवर गेलो. भेग पडली नाही. त्या दिवशी तू माझ्याकडे जसं पाहिलंस, तसं नंतर कोणीही पाहिलं नाही.

सहा वर्षांनी परदेशी क्लबसाठी धावपटू न्यायला तो मॅनेजर आला. दहा हजार मीटरची शर्यत, त्यातून एकच माणूस नेणार. सगळं इतेन म्हणत होतं, दोघा भावांपैकीच एक. मे महिन्यात मी तुला तीनदा हरवलं होतं, तू एकदा मला.

आदल्या संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीत तू म्हणालास, पालथा पड, पाय मोकळे करून देतो. मला किती बरं वाटलं होतं. उजव्या मांडीच्या मागे तुझा अंगठा आत गेला आणि तिथेच राहिला.

तू विचारलंस, "दुखतंय का?"

मी म्हणालो, "नाही."

तू आणखी जोर लावलास आणि पुन्हा विचारलंस. मी पुन्हा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तू विचारलं नाहीस. कोपर लावलंस.

आपल्यात कोणता धाकटा भाऊ, ज्यानं आपल्याला मातीच्या दिवशी सांभाळलं त्याला, दुखतंय असं सांगेल? तू मला काय विचारत होतास? दोन वर्षं मी हेच मोजतोय. एक बाजू म्हणते, त्याला काय कळणार, तो मालिशवाला नाही, त्यानं विचारलं तर होतं. दुसरी बाजू म्हणते, या मुलाच्या तोंडून नाहीशिवाय काही निघणार नाही, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

सोळाव्या फेरीला मांडीत कापड फाटल्यासारखा आवाज आला. मी पडलो तेव्हा तू माझ्या पुढे दहा पावलांवर होतास. तू वळून पाहिलं नाहीस. धावताना वळून पाहायचं नसतं, मलाही तसंच शिकवलंय. पण नंतरच्या अठ्ठावीस दिवसांत, विमान सुटेपर्यंत, तू घरी दोनदा आलास आणि दोन्ही वेळा आईच्या चुलीपाशी बसून गेलास.

तिसरा टप्पा. एक ऑक्टोबरपासून वेग. आधी पंधरा मिनिटं हलकी दौड, मग शंभर मीटर, तीन चतुर्थांश जोरानं, आठ वेळा. चार दिवसांनी पूर्ण जोर. टाचेचे व्यायाम चालू ठेव, खेपा बारा.

दुखलं तर कळव.

यातोर


गुरुवार, ४ ऑक्टोबर २०१८
दुपारचे दोन

दादा,

जेबिवोतनं सकाळी तुझा निरोप वाचला. एक तारखेपासून तू वेगात पळतो आहेस. दुखत नाही. या वेळी पुढचं पाठव असं तू म्हणाला नाहीस, कारण पुढचं काही उरलेलं नाही असं तुला वाटतं. उरलं आहे. ते पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

चेमवेनोकाकांनी पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट बजावली होती. आपल्या माणसाला तोंडानं कधी विचारू नकोस, ते म्हणाले. त्याची आई आणि त्याचा पाठीराखा यांनी मिळून ते तोंड बंद केलंय. पायाच्या अंगठ्याला विचार. अंगठ्यावर कोणी माती लिंपत नाही. मी कोणालाच विचारत नाही, दादा. मी त्यांच्या पायांकडे बघत बोटं चालवतो. अंगठा आत वळला की थांबतो. आणि तुला मात्र दर पत्रात लिहिलं, दुखलं तर कळव. तुझ्याकडून काय उत्तर येईल हे मला लिहिण्याआधी माहीत होतं.

त्या रविवारी आईशी बोलताना तू खुर्चीत बसलास आणि 'आई' या शब्दाच्या मध्येच तुझा श्वास अडकला. ते आईला कळलं नाही, जेबिवोतलाही नाही. मला कळलं. माझं पोटच त्यावर आहे. तीन दिवसांनी मी तुला वेगात पळायला लिहिलं.

तेव्हा आता हे कर. दोन्ही पायांची परीक्षा घे. टाच खुर्चीवर, एका पायावर कंबर उचल, जमेल तितक्या खेपा. आधी डावा, मग उजवा. उजव्याच्या खेपा डाव्यापेक्षा दोननंही कमी भरल्या, तर तू पळायला तयार नाहीस, मग काहीही वाटत असो. शेजारी कोणाला तरी उभं कर आणि तुझ्या अंगठ्याकडे बघायला सांग, तोंडाकडे नको. माझा अंदाज आहे की उजव्या बाजूला तू दहाच्या पुढे जाणार नाहीस. तसं झालं तर चौदा तारखेला पळू नकोस. ताप आलाय म्हणून सांग, काहीही सांग. सहा आठवडे आणखी दिलेस तर पाय राहील. करार गेला तर दुसरा मिळतो.

जेबिवोत विचारत होती की एवढं काय लिहितोस, फोन कर ना. मी म्हटलं, फोनवर आकडे चुकतात. ती म्हणाली, तुझे आकडे आजवर कधी चुकले आहेत का.

अकरा दिवस, बारा दिवस, अकरा दिवस. मलाही मोजता येतं. कधीकधी नऊ दिवसांतही पोचतं, असं टपालातला माणूस म्हणतो. आत्ताच निघतो आणि टाकतो.

यातोर


शनिवार, २० ऑक्टोबर २०१८

दादा,

मागच्या पत्रात 'आत्ताच निघतो आणि टाकतो' असं लिहिलं होतं. टाकलं नाही. टपाल कचेरीच्या पायरीपर्यंत गेलो. तिथे एक ओळखीचा भेटला, त्याच्या घोट्याबद्दल बोलत बसलो आणि खिडकी बंद झाली. शुक्रवारी दिवसभर पत्र खिशात होतं. मी पाच जणांची मालिश केली आणि दर वेळी शर्ट काढून खिळ्याला टांगताना ते खिशात चाचपून पाहिलं. शनिवारी सकाळी टाकलं. शिक्का सहा तारखेचा आहे, तू पाहिलाच असशील. म्हणून हे लिहावं लागतंय, नाहीतर लिहिलं असतं का ते सांगता येत नाही.

चौदा तारखेला मी दुपारी घरी बसलो नाही. दरीच्या कडेला जाऊन बसलो. परत आलो तर जेबिवोत ओट्यावर बसली होती आणि तिनं वर पाहिलं नाही. मग तिनं सांगितलं, सतराव्या किलोमीटरला तू पडलास. तू तिसरा होतास. गाडीवर घालून नेलं. हाडाला चिकटतो तिथूनच स्नायू सुटला आहे, हे तिला परवा कळलं.

बुधवारी तुझा फोन आला. तिनं तो माझ्यापुढे धरला नाही, नुसता जमिनीवर ठेवला आणि गाईकडे निघून गेली. मी उचलला.

तू म्हणालास, "यातोर, तुझं पत्र आज आलं."

मागे कोणीतरी तुझ्या त्या भाषेत काहीतरी सांगत होतं. नर्स असेल.

मग तू म्हणालास, "अंगठ्याचं वाचलं. त्या संध्याकाळी तुझा वळला होता. मी पाहिला."

दोन वर्षं मी दोन बाजू मांडून मोजत होतो. एका वाक्यात ते काम संपलं. मला वाटलं होतं की हे कधी तुझ्या तोंडून ऐकलं तर मला उभं राहता येणार नाही, किंवा उलट, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं होईल. दोन्ही झालं नाही. मला फक्त तुझा श्वास ऐकू येत होता, आणि मी श्वासांवरून तुझी मांडी कशा स्थितीत आहे ते ठरवत होतो. तू उशी चुकीच्या जागी ठेवली आहेस. गुडघ्याखाली हवी, टाचेखाली नाही. हे मी तेव्हा बोललो नाही. आता लिहितो आहे, आणि हे पत्रही अकरा दिवसांनीच मिळेल. तोवर तू बहुतेक निघालेला असशील.

जेबिवोत म्हणते की तू दोन तारखेला येतो आहेस आणि क्लबनं तिकिटाचे पैसे दिले ते शेवटचे. आईला सांगितलं. ती म्हणाली, मग दोघांसाठी मक्याची उगाली टाकावी लागेल, आणि पीठ चाळायला बसली. तिला एवढंच कळलं आहे की धाकट्याचा पाय गेला होता, आता थोरल्याचा गेला. लोक म्हणतात की घराला नजर लागली. कोणाचीही नजर लागलेली नाही, हे तुला आणि मला माहीत आहे, आणि ते आपण कोणाला सांगणार नाही.

तू आलास की मी तुझा पाय हातात घेईन. ते माझं काम आहे, आणि या डोंगरावर ते माझ्याइतकं नीट कोणाला येत नाही. पहिले सहा आठवडे काहीच करायचं नाही. मग फडकं. मग टाच जमिनीत, चार आकडे. तुझ्यासाठी वेगळी वही आणली आहे. चालशील. पुढे गाई घेऊन उतारावरून जाशील. पळणार नाहीस. हे मी तुला तोंडावर सांगणार नाही, म्हणून इथे लिहितो.

मी तुला माफ केलं असं समजू नकोस, आणि मी तुझी माफी मागतोय असंही नाही. एका खोलीत झोपावं लागेल, कारण दुसरी खोली नाही.

हिशेब खाली दिला आहे. आल्यावर पडताळून घे.

तुझ्याकडून मिळाले: १२,००० शिलिंग

छपराचे पत्रे, पाच: ३,७५०
खिळे: २४०
टपाल, या पत्रासह पाच: ६५०
तेल, मोठी बाटली: ४८०
तुझ्यासाठी रुंद पट्टी: ६२०
एकूण खर्च: ५,७४०

तुझे माझ्याकडे शिल्लक: ६,२६०

न केलेला खर्च:
४ ऑक्टोबर, इझमीरला फोन, तीन मिनिटं: ७५

यातोर